भेवाचा वाटा

आयुष्यात मी वेडेपणा पुष्कळ केला. पण भर समुद्रातल्या बेटावर जाऊन, विजेच्या गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनवर कुरड्या वाळत घालणारी बाई अख्ख्या अमरावती जिल्ह्यात माझ्याशिवाय दुसरी नसेल. तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते. म्हणजे तशी लहानच. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे वळून पाहते तेव्हा वाटतं, हिच्या हातात घरच्यांनी कुरड्यांचा डबा दिलाच कसा? आणि दिला तो दिला, हिला जहाजात कोणी बसू दिलं?

बसू दिलं माझ्या विहीणबाईंनी. हे लिहायला बसले तेही त्यांच्यासाठीच. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची, प्रज्ञाची, आई. अकोल्याच्या. वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेल्या, उंच, काटकुळ्या, आणि मी पाहिलेल्या माणसांत सगळ्यात भित्र्या. ही निंदा नव्हे. कुणाचा गळा गोड असतो, कुणाच्या हाताला चव असते; विहीणबाईंना भिता यायचं. त्या मन लावून, रोज, न कंटाळता भ्यायच्या.

कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी विचारायच्या, "मेन स्विच कुठं हाय?" बसायच्या ती खुर्ची दाराजवळची. पर्समध्ये टॉर्च, तीही भर दुपारी, अकोल्याच्या मे महिन्यात, जेव्हा बाहेर बघवत नाही इतका उजेड असतो. आमच्या मुलांच्या लग्नात मांडवात एक जनरेटर होता, तर यांनी दुसरा आणून मागच्या बोळात उभा केला. मी वरमाई. मला त्याचा राग आला. नातेवाइकांत मी बोलूनही दाखवलं की आमच्यावर भरवसा नाही वाटतं मुलीकडच्यांचा. त्या दिवशी वीज एकदाही गेली नाही. जनरेटर तसाच परत गेला, आणि त्याला टेम्पोत चढवताना पाहून विहीणबाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो अक्षता पडतानाही मी पाहिला नव्हता.

आमचं घराणं चांदूर बाजाराकडचं, शेतीवाडीचं. त्यांचं तीन पिढ्यांपासून बौद्ध, शिकलेलं, नोकरदार. लग्न मुलांनी ठरवलं होतं. सोयरीक पक्की करायला पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा 'राम राम' म्हणावं की 'जय भीम' म्हणावं या विचारात मी दोन्ही विसरले आणि जोरात "हॅलो" म्हणाले. फोन उचलल्यासारखी. विहीणबाईंनी मला नीट न्याहाळलं, म्हणाल्या, "या, आत या. रेंज चांगली हाय इथं." मी हसले नाही. दोन वर्षांनी एकदा भाजी निवडताना आठवलं आणि एकटीच हसत बसले.

माझा आवडता शब्द होता 'होऊन जाईल'. पाहुणे वाढले, होऊन जाईल. गॅस संपत आला, होऊन जाईल. गाडीला वेळ कमी आहे, होऊन जाईल. विहीणबाईंच्या कानावर हा शब्द पडला की त्यांचा हात जिथल्या तिथे थांबायचा. मग हळूच, जणू मला दुखवायचं नाही अशा आवाजात त्या विचारायच्या, "अन् नाई झालं तं?" मी चिडायचे. सचिनला, माझ्या मुलाला, म्हणायचे, तुझ्या सासूबाईंच्या पोटात भीतीचं झाड आहे, रोज पाणी घालतात.

त्या झाडाचं मूळ मला पुढे कळलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या मेळघाटात होत्या, चिखलदऱ्याच्याही पलीकडे, जिथे पावसाळ्यात नाले भरले की गाव गावाला तुटतं. एका पावसात लाइन पडली. वरच्या गावच्या दवाखान्यातून नर्सबाईंनी माणूस पाठवून विचारलं, लाइट कधी येणार, पेशंट आहे, ठेवू की डोलीत घालून खाली पाठवू? विहीणबाई तेव्हा पंचविशीच्या, अंगात जोर. त्यांनी निरोप दिला, ठेवा, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. नर्सबाईंनी त्या भरवशावर पेशंट ठेवला. संध्याकाळी लाइट आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. यापुढचं त्या कधी सांगत नसत. मी एकदा "मग?" म्हणून विचारलं तर ताटातला भात चिवडत राहिल्या, आणि तो न खाताच उठल्या.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसतील असं वाटलं होतं. तर अमरावतीच्या एका संस्थेनं त्यांना बोलावलं. काम काय, तर लहान लहान बेटांवर सौर विजेवर चालणारी चार्जिंग स्टेशनं कशी, कुठे, केवढी उभारायची ते ठरवायचं. तिथे डिझेल जहाजानं येतं, जहाज लांबलं की सगळंच अडतं. म्हणून विजेच्या रिक्षा आणायच्या आणि त्यांना उन्हावर चालवायचं. आमच्याकडे ज्यानं त्यानं हे ऐकून हसून घेतलं. अकोल्याच्या बाईचा आणि समुद्राचा संबंध काय? विहिरीशिवाय मोठं पाणी पाहिलंय का यांनी? मीही हसले. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बेट म्हंजे काय असते, इहीनबाई? जिथं मागून मदत येत नाई, ते बेट. म्या मेळघाटात काढले ना दिवस."

अमरावतीत काम, म्हणून मुक्काम आमच्याकडे. माझ्या जेवणाच्या टेबलावर बेटांचे नकाशे पसरले. वरणाचं पातेलं कुठे ठेवायचं हा रोजचा प्रश्न. हातात लाल पेन्सिल घेऊन त्या नकाशावर गोल काढायच्या, आणि एकेक गोल म्हणजे एकेक भीती. इथे नारळाची झाडं, वाऱ्यात पडली तर तारांवर पडतील. इथे भरतीचं पाणी येतं. इथे खाऱ्या हवेनं जोड गंजतील. इथे कोंबड्या बसतात. मी भाकरी थापत विचारायचे, कोंबड्यांना काय भ्यायचं? तर म्हणायच्या, पॅनल माळेसारखे जोडलेले असतात, माळेतल्या एकावर सावली पडली की सगळ्या माळेचा जोर उतरतो. कोंबडीचीही सावलीच असते. मी मान डोलवली. ऐकलं नाही. भाकरी करपत होती.

त्यांची सगळ्यात मोठी भांडणं झाली ती एका गोष्टीवरून. स्टेशनच्या मोठ्या बॅटरीतला एक हिस्सा त्या वेगळा काढून कुलपात ठेवायला सांगत. रोजच्या गाड्यांना तो मिळणार नाही. फक्त दवाखान्याच्या गाडीला, तेही कुणाच्या तरी जिवावर बेतलं तरच. संस्थेतली तरुण मंडळी वैतागायची. मॅडम, आकडे सांगतात की तिथे ऊन भरपूर आहे, मग हा हिस्सा नुसता पडून राहणार. विहीणबाई चष्मा काढून पुसायच्या आणि म्हणायच्या, "राहू द्या पडून. तो भेवाचा वाटा हाय. भेव आलं का मंगच उघडाचा." तिथली पोरं मागे हसायची. पण पहिल्या बेटापुरतं त्यांचं ऐकलं गेलं. ते स्टेशन चालवून पाहायचं आणि मग पुढच्या बेटांचं ठरवायचं, असं ठरलं. हा वाटा कधी लागलाच नाही तर पुढच्या नकाशांतून तो पुसायचा, हेही ठरलं. विहीणबाई ते ऐकून आल्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. लागू नये असं वाटायचं, आणि लागला नाही तर पुसला जाणार.

ते स्टेशन पाहायला जायचं तर जहाजानं जावं लागणार होतं, आणि विहीणबाईंना पाण्याची भीती. प्रज्ञाला रजा नव्हती. मी म्हटलं, मी जाते सोबत, त्यात काय, होऊन जाईल. सामानात मी ठेचा घेतला, सातूचं पीठ घेतलं, आणि नुकत्याच केलेल्या कुरड्यांचा डबा घेतला. परक्या मुलखात कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं?

जहाजाबद्दल मी फार बोलणार नाही. आमच्याकडे जमीन पाय धरून ठेवते, काळी, चिकट. तिथे पायाखालचं सगळंच सरकत होतं. पहिल्याच दुपारी माझी सगळी हुशारी पोटातून बाहेर आली. विहीणबाई मात्र जिन्याजवळ बसून होत्या, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातानं माझा पदर धरून. त्यांनी आधीच सगळं विचारून घेतलं होतं. लाइफ जॅकेट कुठे आहेत, होड्या किती, त्यांचे दोर कोण सोडतं. मला म्हणाल्या, "तुमी ओका बिनधास्त. भ्याचं काम मी करून राहिली."

बेट म्हणजे समुद्रावर कुणी बोट टेकवल्याएवढी जागा. एका टोकाला दवाखाना, दुसऱ्या टोकाला वस्ती आणि स्टेशन, आणि मध्ये वाळूचा रस्ता. एका ठिकाणी तर जमीन इतकी अरुंद होते की रस्त्यावर उभं राहून दोन्हीकडे समुद्र दिसतो. त्या जागी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले ते झाडी लागेपर्यंत. आमची व्यवस्था स्टेशनशेजारच्या खोलीत होती. तिथली सुहराबी आमच्या जेवणाचं बघायची. शाळेत स्वयंपाक करायची, तुटक हिंदी बोलायची आणि माझ्यासारखीच बडबडी. तिची म्हातारी आई दमेकरी, अंगणात खाटेवर बसून आमच्याकडे पाहून हसायची.

तर कुरड्या. डबा उघडला तो कुरड्या पार सादळलेल्या. समुद्राची हवा लागली होती. आता काय करावं? अंगणात वाळू, वर नारळाची सावली. आणि समोर स्टेशनच्या मोकळ्या जागेत ते पॅनल. आमच्याकडे छतावर पॅनल चांगले उतरते असतात. तिथले जवळजवळ आडवे. विहीणबाईंनी आदल्याच दिवशी मला कौतुकानं सांगितलं होतं की इथे सूर्य पार डोक्यावरून जातो म्हणून असे आडवे ठेवलेत. मला त्यातलं सूर्याचं काही कळलं नाही. मला दिसले कमरेएवढ्या उंचीचे, लांबरुंद, स्वच्छ पुसलेले, तापलेले ओटे. वाळवण घालायला इतकी सुरेख जागा मी जन्मात पाहिली नव्हती.

विहीणबाई सकाळपासून बेटाच्या धक्क्याकडे गेल्या होत्या, तिथे दुसरं स्टेशन घालायचं होतं त्याची मापं घ्यायला. स्टेशन सांभाळणारा माणूसही त्यांच्याबरोबर. मी माझी दोन जुनी धुवट पातळं आणली, पॅनलांवर नीट ताणून पसरली, कडांना गाठी मारल्या आणि त्यावर कुरड्या मांडल्या. वारा होता म्हणून वरून तिसरं पातळ. कोंबड्या येऊ नयेत म्हणून शेजारी खुर्ची टाकून दिवसभर राखण बसले. किती जबाबदार बाई. सुहराबी येऊन बघून गेली. तिनं विचारलं, इथे सुकवलेलं चालतं? मी म्हटलं, चलता है, खूब धूप है. ऊन कलायच्या आत मी सगळं आवरलं. कुरड्या अशा खणखणीत वाळल्या होत्या की विचारू नका.

संध्याकाळी विहीणबाई परतल्या, स्टेशनचा काटा बघितला आणि उभ्याच राहिल्या. ऊन कडक पडलं होतं आणि बॅटरी मात्र रिकामी. त्यातून दिवसभर धावलेल्या रिक्षा आपापला हिस्सा घेऊन गेल्या होत्या. दवाखान्याची गाडी धक्क्यावरून सामान ओढून थकून आली होती, तिला द्यायला काही उरलं नव्हतं. विहीणबाईंनी एकेक जोड उघडून पाहिला. मी जेवायला हाक मारली तर आल्या नाहीत. मी तळलेली कुरडई नेऊन दिली, तीही खाल्ली नाही. "ऊन तं होतं ना?" असं मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, होतं की, चांगलं होतं, उद्या भरेल, होऊन जाईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा 'नाई झालं तं' विचारलं नाही. ते न विचारणं मला बरं वाटलं नाही.

सकाळी ऊन उगवलंच नाही. आभाळ खाली आलं होतं, राखेच्या रंगाचं, आणि वारा असा की नारळाची झाडं एकाच बाजूला झुकलेली. मासेमारीच्या होड्या परत आल्या. डिझेल-पेट्रोलचं जहाज हवेमुळे लांबलं होतं, त्यामुळे बेटावरचा जनरेटर बंद आणि पेट्रोलच्या दोन रिक्षा होत्या त्याही उभ्याच; विजेच्या रिक्षांनी काल मिळालेलं थोडंसं सकाळच्या फेऱ्यांतच संपवलं होतं. आमच्याकडे ढग आला की लोक खूश होतात. तिथे मी पहिल्यांदा ढगाकडे पाहून घाबरले.

दुपारच्या आधी सुहराबी धावत आली. तिच्या आईला श्वास घेता येत नव्हता. खाटेवर म्हातारी बसलेली, ओठ निळसर, मान पुढे काढून हवा शोधत होती. कालपर्यंत हसणारे डोळे आता आमच्याकडे नुसते बघत होते. ऑक्सिजन दवाखान्यात, बेटाच्या त्या टोकाला. गाडी दारात उभी, आणि तिच्यात दम नाही.

विहीणबाईंनी गळ्यातली किल्ली काढली. भेवाचा वाटा उघडला, गाडीला जोडला. पण वीज काही बादलीतलं पाणी नव्हे, ओतली की झालं असं. गाडीला ती प्यायला वेळ लागतो. आम्ही उभ्या. वारा पॅनलांखालून शिट्टी घालत होता. सुहराबी आईची पाठ चोळत होती आणि प्रत्येक श्वासाला तिचे स्वतःचे खांदे वर जात होते. विहीणबाईंचा हात वायरवर, डोळे काट्यावर, आणि ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना म्हणतायत. जवळ गेले तर ऐकू आलं, "माया हिशोबच चुकला. माया हिशोबच चुकला." आवाज त्यांचा नव्हताच. पंचवीस वर्षांच्या कुणा पोरीचा होता.

तेवढ्यात माझ्या पायाशी एक कोंबडी आली आणि पॅनलखालच्या वाळूतून काहीतरी टिपू लागली. वाकून पाहिलं. कुरडईचा चुरा.

कोंबडीचीही सावलीच असते, हे मला तिथे, त्या वाऱ्यात, पहिल्यांदा ऐकू आलं. अमरावतीला माझ्याच टेबलावर सांगितलेलं. गप्प राहता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण ते 'चुकला, चुकला' मला ऐकवेना. मी म्हटलं, "इहीनबाई, तुमचा हिशोब बरोबर आहे. काल दिवसभर पॅनलवर माझ्या कुरड्या होत्या. खाली पातळं घातली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काटा जेमतेम पोचण्याइतका चढलेला पाहून वायर काढली, आणि म्हणाल्या, "बसा गाडीत. म्हातारीले मागून धरा."

आम्ही निघालो. स्टेशनचा माणूस गाडी चालवत होता, विहीणबाई त्याच्या शेजारी, मागे सुहराबी आणि मी, मध्ये म्हातारी. तिचं हाड न् हाड माझ्या हाताला लागत होतं. वाळूत चाकं रुतली की गाडी कण्हल्यासारखी व्हायची आणि काटा खाली यायचा. त्या अरुंद जागी आलो, दोन्हीकडे समुद्र, रंगानं शिसं, आणि मध्ये वाऱ्यानं रस्त्यावर आणून टाकलेली वाळू. गाडी जेमतेम सरकू लागली. विहीणबाई मागे न बघता म्हणाल्या, "इहीनबाई, उतरा."

मी उतरले. म्हातारीला सुहराबीच्या अंगावर टेकवलं आणि उतरले. गाडी हलकी झाली, वाळूतून निघाली, वळणावर दिसेनाशी झाली. माझं वजन त्या काळी अडतीवर धान्याच्या पोत्यांबरोबर तोलण्यासारखं होतं, हे मला ठाऊक होतं. पण तिथे उभी असताना वाटलं ते वेगळंच. वाटलं, यांनी मला टाकलं. बरोबर केलं. डावीकडे समुद्र, उजवीकडे समुद्र, लाटांचा आवाज दोन्ही कानांत वेगवेगळा, आणि माणूस म्हणून एक नाही. वाळू गालाला टोचत होती. मी खाली बसले, पुन्हा उठले. ती म्हातारी माझ्या पातळांखाली गुदमरून मेली असं डोळ्यांसमोर येत राहिलं. होऊन जाईल असं तोंडात आलं, आणि ते मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी विहीणबाईंसारखी भ्याले. नीट, पूर्ण, कुठलीही फट न ठेवता. अन् नाही झालं तर? या प्रश्नासोबत एकटं उभं राहणं काय असतं, आणि मेळघाटातल्या त्या संध्याकाळपासून ही बाई रोज तिथेच उभी होती, हे मला कळलं.

फार वेळानं वळणावर कुणीतरी दिसलं. चालत येणारं. उंच, काटकुळं, एका हातात टॉर्च, भर दुपारी. गाडी दवाखान्याच्या दारातच संपली होती, त्यामुळे विहीणबाई पायी आल्या होत्या. जवळ येईपर्यंत मला त्यांचा चेहरा बघायचा धीर झाला नाही. त्या म्हणाल्या, "पोचली. ऑक्सिजन लावला. रंग आला तोंडावर." आणि मी त्या रस्त्यावर लहान पोरीसारखी रडले. त्यानंतर त्या जे बोलल्या ते शेवटी लिहीन, कारण ते मला अजून रोज ऐकू येतं.

म्हातारी वाचली. आम्ही निघालो तेव्हा ती खाटेवर बसून हसत होती. सुहराबीनं निरोप देताना मला हळूच सांगितलं की माझ्या कुरड्या पाहून तीही दुसऱ्या दिवशी आपलं खोबरं तिथेच वाळत घालणार होती, आणि शेजारणीचे मासे. विहीणबाईंनी ते ऐकलं आणि अंगावर काटा आल्यासारखे हात चोळले.

अमरावतीला आल्यावर भेवाचा वाटा कुणी पुसला नाही. आणि पुढच्या प्रत्येक नकाशात स्टेशनशेजारी एक नवा लाल गोल येऊ लागला. उन्हात, वाऱ्याच्या आडोशाला, कमरेएवढ्या उंचीचा, जाळीचा मोठा ओटा. वाळवणासाठी. संस्थेतल्या पोरांनी विचारलं, मॅडम, विजेच्या कामात हे काय? त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, अनुभव हाय. मी भाकरी थापत होते. त्या दिवशीही एक करपली.

विहीणबाई गेल्या उन्हाळ्यात गेल्या. अकोल्याचा उन्हाळा, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. छातीत दुखलं, गाडी वेळेत आली, दवाखाना जवळ होता, लाइट होते, सगळं जिथल्या तिथे होतं. इतकी वर्षं भिऊन भिऊन त्यांनी दुसऱ्यांसाठी जे जे मांडून ठेवलं ते सगळं त्यांनाही मिळालं, आणि तरी उपयोग झाला नाही. आत जाऊ देतात त्या दोन मिनिटांत मी त्यांच्याजवळ गेले. मास्क थोडा बाजूला करून त्यांनी विचारलं, "जनरेटर हाय का इथं? पाहून या." प्रज्ञा रडायला लागली. मी मात्र खरंच खाली गेले. वॉचमनला विचारलं, मागच्या शेडपर्यंत गेले, डिझेल आहे का तेही झाकण उघडून बघायला लावलं. वर येऊन सांगितलं, आहे, भरलेलं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. तो निरोप मी त्यांना वेळेत आणि खरा दिला, एवढंच मला पुरतं.

आता त्यांची टॉर्च माझ्या पर्समध्ये असते. कुणाकडे गेले की पाणी पिण्याआधी मी मेन स्विच विचारते, आणि लोक माझ्याकडे बघतात तशी मी एके काळी त्यांच्याकडे बघायचे. सून हसते. हसू दे. ढग आला की मला सुहराबीचं बेट आठवतं, आणि मग तो रस्ता. दोन्हीकडे शिशाच्या रंगाचं पाणी, मी रडतेय, आणि विहीणबाई समोर उभ्या, वाऱ्यानं पातळाचा पदर उडालेला. त्या रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या म्हणाल्या:

"ढगाले भेली मी, मिठाले भेली, वादळाले भेली, कोंबड्यायले सुद्धा भेली. फक्त तुमाले भ्याचं राहून गेलं, इहीनबाई. तुमच्यावानी एक बाई प्रत्येक बेटावर असनच, तिच्यासाठी जागा सोडाले पायजे होती. सोडते आता. चाला, हात धरा माया. येताना तुमच्या काळजीनं आली तशीच, आता मले दोन्हीकून समुद्र दिसून राहिला."